जुन्या मोटारीची काजळी

वृद्ध मनुष्य अंथरुणास खिळला म्हणजे वैद्यबोवा येण्यापूर्वींच निदान सांगणारे शेजारी जसे चोहोंकडून जमतात, तसाच अनुभव जुनी मोटार बिघडली म्हणजे येतो. कोणी म्हणतो, इंजिनाचें आयुष्य संपलें. कोणी म्हणतो, पेट्रोल वाईट. कोणी सुचवितो कीं, आतां ती मोडींत देऊन मोकळें व्हावें. या सर्वांचा हेतु चांगलाच असतो. परंतु रोग्याची जीभ पाहिल्याशिवाय आणि नाडी हातांत धरल्याशिवाय दिलेलें औषध जसें बहुधा निरुपयोगी ठरतें, तसेंच इंजिनाचेंहि आहे. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरीं जो प्रसंग गुदरला, त्यावरून ही गोष्ट माझ्या मनावर चांगलीच बिंबली. अनेक घरांच्या पडवींत अशी एखादी वडिलार्जित गाडी अजून उभी असते. त्या घरांतील मंडळींना या हकीकतीचा कांहीं उपयोग व्हावा, म्हणून ती येथें सांगतों.

आमच्या तीर्थरूपांनीं १९६३ सालीं, विलायतेस परत जाणाऱ्या एका गृहस्थाकडून मॉरिस मायनर गाडी विकत घेतली. गाडी १९५७ सालची. इंजिन ९४८ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें. काटेकोर इंग्रज शोकीन १९३० सालापर्यंतच्या गाडीसच ‘व्हिंटेज’ म्हणतात. आपल्याकडे २०२१ सालच्या नियमानें पन्नास वर्षांवरील गाडीस तें नांव मिळतें. आम्ही मात्र तिला नुसतें ‘गाडी’ म्हणतों. थोरल्या बहिणीची सासरीं पाठवणी याच गाडींतून झाली, आणि तीर्थरूपांना शेवटच्या आजारांत इस्पितळांत नेलें तेंहि हिच्यांतूनच. तेव्हां तिच्याविषयीं घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं, तरी प्रत्येकाच्या मनांत कांहीं ना कांहीं होतें.

दर वर्षीं एकदां आम्ही कुलदैवताच्या दर्शनास पुण्याहून जेजुरीस जातों. या खेपेस दिवे घाट चढतांना इंजिनांतून डब्यांत खडे हलवावे तसा टणटण आवाज येऊं लागला. मागें पाहिलें तों काळा धूर. घरीं येऊन चावी बंद केली, तरी इंजिन थांबेना. चार-सहा गचके देऊन, खोकल्यासारखा आवाज करून मग तें विझलें. पूर्वीं एका लिटरला तेरा किलोमीटर जाणारी गाडी आतां आठांवर आली होती. मिस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं उभ्या उभ्या सांगितलें, “साहेब, धूर बघितलात ना? इंजिन खालीं उतरवून बोअर करावं लागेल, पिस्टन नवे टाकावे लागतील.” खर्चाचा आकडा ऐकल्यावर वडील बंधु म्हणाले, “एवढे पैसे घालण्यापेक्षां दिलेली बरी.”

मातोश्री आतांपर्यंत स्वस्थ ऐकत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, कंदिलाची वात फार वर सरकली कीं काच काळी होते. काच रोज पुसून काय उपयोग? आधीं वात खालीं करायला नको का?” मोटारीचा एकहि भाग नांवानें न ओळखणाऱ्या बाईचें हें वाक्य, पण पुढील सर्व शोधाची दिशा त्यानेंच ठरली.

काजळी धरते कशी?

पेट्रोल म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांचें मिश्रण. तें पुरेशा हवेंत पूर्ण जळलें, म्हणजे त्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यावाटे निघून जाते. एक भार पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते. हवा कमी पडली, अर्थात् मिश्रण ‘श्रीमंत’ झालें, कीं कार्बनाचा कांहीं भाग न जळतां राहतो व पिस्टनच्या माथ्यावर, झडपांवर आणि सिलिंडर हेडच्या घुमटांत बसतो. दुसरा मार्ग वंगणाचा. पिस्टनच्या रिंगा अगर झडपांच्या मार्गिका झिजल्या, कीं तेल जळणाच्या खोलींत शिरतें आणि करपून त्याची कठीण खपली बनते. तिसरें कारण आमच्यासारख्यांच्या राहणींत आहे. गाडी मंडईपर्यंत नेली, परत आणून ठेवली, असें नित्य झालें म्हणजे इंजिन पुरतें तापतच नाहीं. लांबच्या प्रवासांत जी मऊ काजळी आपोआप जळून जावयाची, ती थरावर थर साठत जाते.

आतां या काजळीनें बिघडतें काय? थोडें गणित करूं. आमच्या इंजिनांत एका सिलिंडरांत पिस्टनच्या फेऱ्यानें २३७ घनसेंटिमीटर जागा व्यापली जाते आणि दाबाचें प्रमाण ८.३ ला १ असें आहे; म्हणजे पिस्टन अगदीं वर असतां उरणारी जागा सुमारें ३२.५ घनसेंटिमीटर. पिस्टनचा व्यास ६२.९ मिलिमीटर. त्याच्या माथ्यावर अर्धा मिलिमीटर काजळी बसली तरी तिनें दीड घनसेंटिमीटर जागा अडविली. हेडमधील काजळी धरून दोन म्हणा. तेवढ्यानें दाबाचें प्रमाण ८.३ वरून जवळजवळ ८.८ वर जातें. शिवाय काजळी उष्णता रोखून धरते, आणि तिचे कांहीं कण निखाऱ्यासारखे लाल होतात. मग ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण पेट घेतें, किंवा ठिणगीनंतर उरलेलें मिश्रण एकदम भडकून टणत्कार होतो. चावी बंद केल्यावरहि इंजिन चालत राहतें तें याच निखाऱ्यांमुळें. अर्थात् बंद करतेवेळीं इंजिनाचा वेग फार ठेवलेला असेल तर तेंहि त्यास हातभार लावतें.

या टणत्कारानें एके काळीं मोठमोठ्या संशोधकांस सतावलें होतें. इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यांनीं त्याचा कसून अभ्यास केला. अमेरिकेंत थॉमस मिजली यांना १९२१ सालीं शिशाचें एक संयुग त्यावर उपाय म्हणून सांपडलें, आणि पुढें अनेक दशकें जगभर शिसेयुक्त पेट्रोल जळत राहिलें. त्या विषाची किंमत लहान मुलांच्या मेंदूंना द्यावी लागली हें उमगल्यावर भारतांत २००० सालीं तें बंद झालें. शिसें गेलें हें उत्तमच झालें. मात्र जुन्या बिडाच्या हेडांतील झडपांच्या बैठकींस त्याचा जो लेप मिळे, तोहि गेला. म्हणून अशा इंजिनांत झडपांची फट अधूनमधून मोजावी लागते, हें ध्यानांत ठेवावें.

धुराचा रंग आणि प्लगचें तोंड

मिस्त्रींनीं धूर पाहिला होता, पण त्याचा रंग पाहिला नव्हता. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे. इंजिन तापल्यावरहि दाट पांढरी वाफ निघत राहिली तर पाणी आंत शिरतें आहे. निळ्या धुरांतहि भेद आहे. घाट उतरतांना ॲक्सिलरेटर सोडून मग पुनः दाबला असतां निळा झोत आला, तर संशय झडपांच्या मार्गिकांवर घ्यावा. जोर लावतांना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांवर. आमचा धूर काळा होता, निळा नव्हे. मग बोअर करण्याचें कारण काय?

दुसरी परीक्षा प्लगची. वैद्य जीभ पाहतो तसे चारहि प्लग काढून, कोणता कोणत्या सिलिंडरचा हें लक्षांत राहील असे ओळीनें मांडावे. तपकिरी-करडें तोंड हें आरोग्याचें लक्षण. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी म्हणजे श्रीमंत मिश्रण. ओली, चकाकणारी, चिकट काळिमा म्हणजे तेल. पांढरेंफटक, भाजल्यासारखें तोंड म्हणजे मिश्रण ‘गरीब’, किंवा उष्णता अति. आमचे चारहि प्लग एकसारखे कोरडे काळे निघाले. यांतील ‘एकसारखे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकच प्लग बिघडला असता तर दोष त्या एका सिलिंडरचा ठरता. चारहि सारखे बिघडले, त्या अर्थीं दोष चौघांना अन्न वाढणाऱ्या एकाच हाताचा, म्हणजे कार्ब्युरेटरचा असला पाहिजे.

तिसरी परीक्षा दाबाची. इंजिन गरम करून, प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकानें घेतला. चौघांत फारसा फरक नव्हता. मग प्रत्येक सिलिंडरांत चमचाभर वंगण सोडून पुनः मोजला. रिंगा झिजल्या असत्या तर तेलानें फट तात्पुरती बुजून आकडा चांगलाच वर चढला असता. तसा तो चढला नाहीं. (आकडा मुळांत कमी असून तेलानेंहि चढत नसेल, तर दोष झडपांचा समजावा.) काजळीमुळें दाब थोडा फुगून दिसतो हें खरें, म्हणूनच ही तेलाची दुहेरी परीक्षा आवश्यक. एवढ्यावरून बोअर करण्याचा बेत रद्द झाला. मिस्त्रींना आकडे दाखविले, तेव्हां त्यांनीं ते दोनदां वाचले व सरळपणें म्हणाले, “मग हेडच उघडूं या.”

हेड उघडल्यावर

प्रथम पाणी सोडून दिलें. हेडच्या नटा एकदम न सोडतां, ठरलेल्या क्रमानें प्रत्येकी थोड्याथोड्या सैल केल्या. नाहीं तर हेड वांकडें होतें. जुन्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असे. म्हणून तिचे अवशेष कोरडे न खरवडतां भिजवून काढले. जुन्या काजळींत शिसेंहि असूं शकतें. तेव्हां ती फुंकर मारून उडवूं नये आणि नाकातोंडास फडकें बांधावें. आंत पाहिलें तों पिस्टनचे माथे डांबरी रस्त्यासारखे दिसत होते.

पिस्टन ॲल्युमिनियमचे, म्हणजे मऊ. त्यांवर पोलादी पातें चालवूं नये. आम्हीं बांबूची चपटी काडी आणि पितळेची पट्टी वापरली. पाण्याच्या वाटा व पुशरॉडचीं भोकें चिंध्यांनीं बुजविलीं. दोन पिस्टन वर आणून त्यांच्या कडेस ग्रीस भरलें, म्हणजे पडलेला चुरा तेथेंच अडकतो आणि नंतर पुसून घेतां येतो. जुन्या कारागिरांची एक युक्ति मिस्त्रींनीं दाखविली ती विशेष आवडली. पिस्टनच्या अगदीं कडेचें काजळीचें वलय त्यांनीं मुद्दाम राखलें. वापरलेली एक रिंग पिस्टनवर ठेवून तिच्या आंतील भागच त्यांनीं खरवडला. कारण तें वलय तेल वर येण्यास अटकाव करतें. झडपा काढून, घांसून, पुनः बैठकींत नीट बसविल्या. नवी गॅस्केट घालून नटा मध्यापासून बाहेरच्या दिशेनें, टप्प्याटप्प्यानें ४० फूट-पौंडांपर्यंत आवळल्या, आणि झडपांची फट ०.०१२ इंच ठेवली.

कोणी म्हणेल, कार्ब्युरेटरांतून पाण्याचे थेंब सोडून काजळी उडविण्याची जुनी तऱ्हा आहे ना? आहे, पण पाणी जरा जास्त गेलें तर तें दाबलें जात नाहीं, आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. घरगुती हातांनीं हा प्रयोग करूं नये, हें बरें.

वात खालीं करण्याचें काम

काच पुसून झाली, आतां वात. आमच्या गाडीचा कार्ब्युरेटर एस. यू. जातीचा. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनीं बंधूंच्या साह्यानें तो काढला. त्याचें पेटंट १९०५ चें. घराणें पादत्राणांच्या व्यापारांतलें, आणि आरंभींच्या कार्ब्युरेटरांत चामड्याचा भाता असे, हा योग मौजेचा आहे. पुढें भात्याच्या जागीं पिस्टन आला. इंजिन जेवढी हवा ओढील तेवढा हा पिस्टन वर उचलला जातो. त्यास लागलेली निमुळती सुई जेटमधून वर सरते, आणि सुईभोंवतालची फट वाढून पेट्रोलहि त्याच मानानें वाढतें. चोक ओढला म्हणजे जेटच खालीं येतो व मिश्रण श्रीमंत होतें. चोक आंत ढकलला म्हणजे जेट परत वर जावयास हवा.

माझा पुतण्या दिवा धरून खालून पाहत होता. तो ओरडला, “काका, तुम्ही चोक आंत ढकललात तरी जेट पुरता वर येत नाहीं!” खरोखरच तारेवर आणि सांध्यावर गंज व पेट्रोलचा चिकटा बसून जेट अर्ध्या वाटेवर अडकत होता. गाडी महिनोन्महिने, नव्हे कदाचित् वर्षभर, चोक अर्धवट ओढल्यासारखी चालली होती! रोगाचें मूळ हें. तें तसेंच ठेवून नुसती काजळी काढली असती, तर सहा महिन्यांत पुनः तोच घाट आणि तोच टणत्कार.

सांधे साफ करून, तेलाचे दोन थेंब सोडून जेट मोकळा केला. तरी लगेच नट फिरविण्यास बसूं नये. कार्ब्युरेटरला हात सर्वांच्या शेवटीं लावावा. आधीं झडपांची फट, मग प्लगची फट ०.०२५ इंच, मग काँटॅक्ट पॉइंट ०.०१५ इंचाच्या आसपास, मग ठिणगीची वेळ. ठिणगी उशिरा पडत असतां मिश्रणाशीं झुंजत बसणें म्हणजे मीठ कमी म्हणून भाजींत गूळ घालणें होय. यानंतर कार्ब्युरेटरचा पिस्टन बोटानें उचलून सोडावा; ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला म्हणजे सुई जेटला घासत नाहीं. हें सर्व काम मोकळ्या हवेंत करावें. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाहीं, आणि श्रीमंत मिश्रणांत तो फार असतो. बंद पडवींत इंजिन चालू ठेवणें प्राणावर बेतूं शकतें.

वहींतील आकडा

तीर्थरूपांची एक वही आहे. तींत प्रत्येक दुरुस्तीची नोंद, आणि जेटची षट्कोनी नट पूर्ण वरच्या टोंकापासून किती पैलू खालीं ठेवावी याचा आकडा, त्यांच्या सुबक अक्षरांत लिहिलेला आहे. आम्हीं मोठ्या श्रद्धेनें तो आकडा लावला. इंजिन चालू झालें. पण गति देतांच अडखळूं लागलें आणि कार्ब्युरेटरांतून उलट शिंकूं लागलें. थोडें फिरवून आणून प्लग पाहिले, तों तोंडें पांढरीं! बंधु म्हणाले, “अण्णांचा आकडा चुकेल कसा?”

आकडा चुकला नव्हता. पेट्रोल बदललें होतें. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत उसापासून व धान्यापासून काढलेलें इथेनॉल मिसळलेलें असतें. देशांत २०२२ सालीं तें प्रमाण शेंकडा १० झालें आणि २०२५ सालीं शेंकडा २० वर पोहोंचलें. आपल्या महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांचा त्यांत मोठा वाटा आहे. इथेनॉलच्या अंगीं प्राणवायु मुळांतच असतो. म्हणून त्याच्या एका भारास नऊ भार हवा पुरते. शेंकडा २० मिश्रणाचा हिशेब केला, तर १४.७ च्या ठिकाणीं सुमारें १३.५ येतात. म्हणजे पूर्वींच्याच हवेस आतां आठ-नऊ टक्के अधिक इंधन द्यावें लागतें. नव्या गाड्यांत हें काम विद्युत्-यंत्रणा आपण होऊन करते. जुन्या कार्ब्युरेटरला तें कोणी तरी सांगावें लागतें. इथेनॉलनें टणत्कार कांहींसा कमी होतो, हा गुण खरा. पण तें जुन्या रबरी नळ्या मऊ करतें, टाकींतील चिकटा सोडवून गाळणी तुंबवितें आणि हवेंतील पाणी शोषून घेतें. म्हणून नळ्या नव्या जातीच्या घालाव्या, आणि गाडी फार दिवस उभी राहावयाची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

मग खरा आकडा कोणता? तोहि वहींतच सांपडला, पण आकड्याच्या रूपानें नव्हे. त्याच पानाच्या तळाशीं कसोटी लिहिलेली होती. गरम इंजिन मंद चालत असतां कार्ब्युरेटरचा पिस्टन १/३२ इंच, म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटर, उचलावा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर मिश्रण श्रीमंत. इंजिन लगेच बुडूं लागलें, तर गरीब. वेग क्षणभर किंचित् वाढून पुनः पूर्ववत् झाला, तर योग्य. आमचें इंजिन उचलतांक्षणींच बंद पडलें. नट एक पैलू खालीं घेतली, पुनः पाहिलें. आणखी एक पैलू घेतली, आणि इंजिनानें क्षणभर श्वास घेऊन आपला ठेका पुनः धरला. पुतण्यानें आजोबांच्या अक्षराखालीं आपल्या अक्षरांत नवा आकडा, तारीख आणि ‘शेंकडा २० इथेनॉल’ अशी नोंद केली. जुना आकडा खोडूं नकोस, असें मला त्याला सांगावें लागलें नाहीं.

पुढच्या रविवारीं गाडी पुनः दिवे घाटास लावली. या वेळीं मातोश्री पुढच्या आसनावर होत्या. चढावर आवाज नाहीं, मागें धूर नाहीं. माथ्यावर थांबून चावी फिरविली, तों इंजिन एका क्षणांत शांत झालें. वडील बंधु मागच्या आसनावरून उतरले, टोपणाला हात लावून उभे राहिले, आणि विकण्याचा विषय त्यांनीं त्यानंतर काढला नाहीं. झालेला खर्च मिस्त्रींनीं प्रथम सांगितलेल्या आकड्याच्या एक दशांशाहून कमी होता, आणि त्यांतला निम्मा गॅस्केट व नळ्यांचा होता.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांना एवढीच विनंति: इंजिन उतरविण्यापूर्वीं चार प्लग ओळीनें मांडून पाहा, धुराचा रंग पाहा, दाब मोजा, आणि काजळी काढण्यापूर्वीं ती कां धरली तें शोधा. वडिलांनीं लिहून ठेवलेले आकडे जपावे. पण त्यांनीं लिहिलेली कसोटी अधिक जपावी. इंधन बदललें कीं आकडे बदलतात. कसोटी मात्र त्यांनाहि उपयोगीं पडली होती आणि आम्हांलाहि पडली.